तहसीलदार किती?

इंग्रजीत कर्ता एकटा असला की क्रियापद गुमान वागतं. 'कॉटन इज', 'फार्मर्स आर', विषय संपला. पण कर्ते दोन झाले आणि मधे 'अँड' येऊन बसला, की यवतमाळ जिल्ह्यातली पोरं खिडकीबाहेर पाहू लागतात. रेन-मार्टिनच्या जाड व्याकरणापासून बाजारातल्या गाइडपर्यंत नियम एकच: दोन कर्त्यांना अनेकवचनी क्रियापद. आणि लगेच अपवाद. 'ब्रेड अँड बटर'ला 'इज', कारण ती म्हणे एकच न्याहारी. आमच्याकडे ब्रेड आजाऱ्याला चहात बुडवून देतात. त्यात लोणी आलं कुठून?

म्हणून मी उदाहरणच बदललं. फळ्यावर लिहिलं, 'झरी-जामणी'. आमच्याच जिल्ह्यातला, तेलंगणाच्या सीमेवरचा तालुका. "बोला, इज का आर?" मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, गावं दोन हायेत, पन तहसीलदार एकच हाय ना जी. मंग 'इज'."

माझ्या सगळ्या नोकरीत एवढी सोपी व्याख्या मला कुणी सांगितली नव्हती. नावं मोजायची नाहीत, कारभार मोजायचा.

'द हेडमास्टर अँड क्लार्क' घ्या. 'द' एकदाच आला तर माणूस एक, दोनदा आला तर दोन. इंग्रजांना हा बारकावा वाटत असेल, आमच्या आडगावच्या शाळेत तो रोज घंटा वाजवतो. तिथे मुख्याध्यापक, कारकून, शिपाई आणि खिचडीचा हिशेब ठेवणारा या सगळ्यांना मिळून 'इज' पुरतो. तो 'इज' निवडणुकीच्या ड्युटीवर गेला, की शाळेचा 'वॉज' होतो.

'अलाँग विथ'चा नियम तर आणखी कडक. त्याच्यामागून आलेल्याला मतच नाही. 'द सरपंच, अलाँग विथ हर हजबंड, इज प्रेझेंट.' महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा महिलांना राखीव झाल्या 2011 मध्ये. इंग्रजी व्याकरणानं पतिदेवांना त्याआधीच खुर्चीवरून उठवलं होतं. गावात ते अजून बसलेले दिसतात, तो भाग वेगळा.

'नायदर-नॉर' मात्र अस्सल व्यवहारी. तिथं क्रियापद जवळच्याचं ऐकतं. 'नायदर द फार्मर्स नॉर द ट्रेडर इज हॅपी.' कापसाच्या गाड्या घेऊन शेतकरी फाटकाबाहेर रांगेत ताटकळलेले, आणि क्रियापद शेजारच्या एकट्या व्यापाऱ्याचं तोंड पाहून 'इज' म्हणतं. हा नियम समजावून सांगावा लागत नाही. कास्तकाराची पोरं तो घरून शिकून येतात.

मराठीही काही कमी नाही. पुरुष आणि बाई मिळून कर्ता झाले, की क्रियापद बरेचदा नपुंसकलिंगी अनेकवचनात जातं: 'नवरा-बायको भांडली'. न्याय झाला, कोणाचीच बाजू घेतली नाही. हे मी घरी मोठ्या कौतुकानं सांगितलं. सौ. म्हणाली, "भांडली? म्हणजे मी एकटीच का?" नपुंसकलिंगी अनेकवचन दिसायला हुबेहूब स्त्रीलिंगी एकवचनासारखं असतं, हे पटवून देण्यात त्या दिवशीचं वाक्य खरं ठरलं.

तेव्हा पोरांनो, पेपरात 'अँड' दिसला म्हणून झटकन 'आर' ठोकू नका. आधी तहसीलदार किती ते पाहा. एक मार्क कुठं गेला नाही.