बटण दाबलं तरी ढिम्म

प्लाझ्मा कटिंग मशीनच्या टॉर्चवरचं बटण दाबल्यावर मशीन ढिम्म राहिलं, तर आधी ट्रिगर सर्किट तपासावं. पुण्याच्या विश्रांतवाडीत आळंदी रस्त्यालगतच्या ग्रिल-गेटच्या शॉपांमध्ये मात्र तपासाची सुरुवात मशीनच्या डोक्यात एक थाप घालून होते. मग तेच बटण जास्त जोर लावून दाबलं जातं. त्यानंतर वीजमंडळाचा उद्धार होतो. गुरुवारी लाईट नसली तर हे निदान बरोबरही ठरतं. शेवटी मिस्त्री गंभीर चेहऱ्यानं "शेठ, कार्ड गेलं" म्हणतो आणि शेठ खुर्चीत बसतात.

कार्ड, म्हणजे आतला सर्किट बोर्ड, सहसा गेलेलं नसतं. 1957 साली युनियन कार्बाइडच्या रॉबर्ट गेज यांना पेटंट मिळालेल्या या तंत्रात टॉर्चच्या तोंडाशी 20,000 अंशांच्या आसपासचा झोत तयार होतो, पण त्याला हुकूम सोडणारं बटण साधं दोन वायरींचं असतं. कापणारा करंट त्यातून जातच नाही. बटण दाबणं म्हणजे नुसता अर्ज टाकणं. हवेचा दाब, टॉर्चच्या टोपीची सुरक्षा-पिन आणि मशीनचं तापमान यांच्या सह्या झाल्याशिवाय फाईल रिलेच्या टेबलावर जात नाही.

म्हणून आधी कान द्यावा. धडधाकट मशीनमध्ये बटण दाबताच व्हॉल्व्ह टक् करतो, हवा फुसफुसते आणि मग पायलट आर्क पेटतो. हवा येते पण ठिणगी नाही, तर ट्रिगर बहुधा निर्दोष. नोझल आणि इलेक्ट्रोड पाहावेत. हवाच येत नसेल, तर आधी कॉम्प्रेसर सुरू आहे का, ते बघावं. हा प्रश्न अपमानास्पद वाटतो, पण विचारावा.

पुढचं काम मल्टिमीटरचं. मशीन बंद करून प्लग काढावा आणि टॉर्चही मशीनपासून सोडवावी. ट्रिगरच्या दोन पिनांवर मीटर बीपवर लावावा. बटण दाबलं की बीप, सोडलं की गप्प, हे योग्य. दाबूनही गप्प राहिला तर वायर तुटली किंवा स्विच गेला. न दाबताच बीप वाजला तर कुठंतरी वायरी चिकटल्या आहेत. मीटर पकडून हेल्परला केबल हलवायला सांगावं. मुठीच्या अगदी मागं, जिथं केबल दिवसभर वाकते, तिथं बीप तुटक येऊ लागला की चोर सापडला. बाहेरून रबर शाबूत, आत तांब्याचे तंतू तुटलेले. स्विच उघडला तर ग्राइंडरची काळी भुकटी निघते. मिस्त्री ती फुंकर मारून उडवतो. ती थेट हेल्परच्या डोळ्यात जाते. नवा मायक्रोस्विच तपकीर गल्लीत मिळतो, मात्र जुना हातात घेऊन जावं. ज्ञानोबांची पालखी विश्रांतवाडीवरून जायची असेल त्या दिवशी निघू नये.

बटण नि केबल ठीक असतील, तर टॉर्चची टोपी काढून पुन्हा घट्ट बसवावी. सैल टोपीमुळं पिन दबत नाही आणि मशीन हटून बसतं. तरीही टक् आलं नाही, तर दोष आत: कंट्रोलचा फ्यूज, रिले, हवेचा व्हॉल्व्ह. इथं घाई नको. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरांत शेकडो व्होल्ट काही मिनिटं दबा धरून असतात. मॅन्युअलमध्ये सांगितली तेवढी वाट पाहावी आणि मीटरनं खात्री करूनच हात घालावा.

स्विच काढून दोन वायरी कायमच्या पिळून ठेवण्याचा जुगाड करू नये. बटण दाबलेलं असताना मशीन चालू केलं, तर बरीच मशीनं मुद्दाम कुलूप लावून बसतात. कुलूप न लावणारी मशीनं थेट पेटलेली टॉर्च हातात देतात. टॉर्च बटणावर भार येईल अशी हुकाला टांगली तरी तोच तमाशा होतो.

दुरुस्तीनंतर पहिला कट भंगार पत्र्यावर मारावा, गिऱ्हाइकाच्या गेटवर नव्हे.