फक्त आपल्या बागेपुरता हवामान अंदाज कसा मिळवावा

नाशिक जिल्ह्यात गोडी छाटणी उरकली, वेलींवर फुलोरा दिसू लागला, की द्राक्ष बागायतदाराच्या मागे आणखी एक काम लागते: खात्रीचा हवामान अंदाज शोधण्याचे. त्याची सर्वमान्य रीत अशी. आधी आपल्याला कोणते हवामान हवे ते मनाशी पक्के करावे. फवारणी आजच झाली असेल तर पुढचे चार दिवस कोरडे हवेत. मजूर मिळाले नसतील तर थोडे ढगाळ चालेल, तेवढीच सबब. मग मोबाईलवर चार अ‍ॅप उघडावीत, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे दोन-तीन ‘हवामान अभ्यासक’ ऐकावेत आणि जो मनासारखे बोलेल त्याला ‘अचूक’ ही पदवी बहाल करावी. ज्याचे बोलणे पटले नाही तो वेधशाळेचा माणूस समजावा. या रीतीला खर्च नाही, डोक्याला ताप नाही, आणि मणी तडकलेच तर दोष द्यायला माणसे आधीच ठरलेली असतात. उणीव एवढीच, की ढगांना ती कोणी कळवलेली नसते.

ज्यांना ढगांचेही म्हणणे ऐकायचे आहे त्यांनी जरा मागून सुरुवात करावी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपल्याकडे पावसाचा हंगामच नव्हे. पंचांगकर्तेसुद्धा बेडूक, हत्ती, गाढव ही वाहने पावसाळी नक्षत्रांनाच वाटतात; डिसेंबरच्या पावसाला पायीच यावे लागते. तो येतो तो दोन पाहुण्यांची गाठ पडली म्हणून. भूमध्य समुद्राच्या बाजूने निघालेले पश्चिमी विक्षोभ एरवी काश्मीर-हिमाचलात बर्फ टाकून पूर्वेला निघून जातात. कधीतरी त्यांचा वरच्या थरातला पट्टा बराच दक्षिणेला उतरतो आणि नेमकी त्याच वेळी अरबी समुद्रावरची किंवा बंगालच्या उपसागरावरची ओली हवा महाराष्ट्रात आलेली असते. वर गार, खाली दमट, अशी हवा स्वस्थ बसत नाही. ढग उंच चढतात, विजा होतात, कधी गाराही पडतात. डिसेंबर २०२१ च्या पहिल्या दोन दिवसांत राज्यभर झालेला पाऊस आणि २६ नोव्हेंबर २०२३ रोजी निफाडच्या बागा झोडपणारी गारपीट ही अशाच दिवसांची उदाहरणे. डिसेंबर २०१७ मधले ओखी चक्रीवादळ तर गुजरातच्या किनाऱ्याकडे येता येताच विरत गेले, तरी मुंबई-नाशिक भिजायचे राहिले नाही. ही गाठ पडणार हे चार-पाच दिवस आधी बऱ्यापैकी दिसते. ती कोणत्या शिवारावर पडणार हे मात्र त्याच दिवशी, दोन-तीन तास आधी कळले तरी पुष्कळ. म्हणजे ‘पाऊस आहे का’ आणि ‘माझ्या बागेत आहे का’ हे दोन निराळे प्रश्न झाले, आणि दुसऱ्याचे उत्तर जो चार दिवस आधी ठामपणे देतो तोच सर्वांत कमी भरवशाचा.

नेमके हेच उत्तर अ‍ॅप देते, तेही चित्रासकट. वर तुमच्या गावाचे नाव, खाली दुपारी चार वाजता एक ढग आणि तीन थेंब. नाव तुमचे असते, आकडा चौकटीचा असतो. संगणकी प्रारूप पृथ्वीचे चौकोन पाडून प्रत्येकाला एकेक आकडा देते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत तयार झालेली आणि मे २०२५ मध्ये सुरू झालेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ हा चौकोन बारा किलोमीटरवरून सहावर आणते. ही मोठीच मजल आहे. तरी सहा किलोमीटरचा चौकोन म्हणजे छत्तीस चौरस किलोमीटर, जवळजवळ नऊ हजार एकर. एवढ्या एकरांना मिळून ते तीन थेंब वाट्याला आले आहेत, हे चित्र सांगत नाही.

यावर कोणी म्हणेल, आमचा मुलूख आम्हाला ठाऊक आहे, यंत्राची गरज काय? मुलूख ठाऊक असतो हे खरे, पण तो पावसाळ्यातला. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि तिथून पन्नासेक किलोमीटरवरच्या सिन्नरला त्याच्या पाव हिस्साही नाही, हा हिशेब सह्याद्रीने पश्चिमेच्या वाऱ्याला अडवून मांडलेला आहे. हिवाळी पावसाची ओल पुष्कळदा पूर्वेकडून, दक्षिणेकडून येते. तिला घाट चढायचाच नसतो, त्यामुळे ‘आमच्याकडे पाऊस पोचत नाही’ हा जून-जुलैचा अनुभव तिला बांधून ठेवत नाही. थंडीचे तसे नाही. निरभ्र, शांत रात्री गार हवा खोलगट भागात साचते, म्हणून निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा वर्षानुवर्षे बातमीत येतो आणि निफाड गारठल्याचे कोणाला नवल वाटत नाही. थंडी गावाला बांधलेली असते, हिवाळी पाऊस नसतो.

आता वेधशाळेकडे वळू, कारण तिच्यावर हसणे हा आपल्याकडे शिष्टाचार आहे. तिचे निवेदन वाचण्याची कला सोपी आहे, फक्त ते वाचावे लागते. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या विभागातल्या फार तर पंचवीस टक्के केंद्रांवर पाऊस. ‘काही ठिकाणी’ म्हणजे पन्नास टक्क्यांपर्यंत. तेव्हा ‘तुरळक ठिकाणी’ वाचून ज्याच्या बागेत थेंब पडला नाही, त्याला वेधशाळेने फसवले नाही. तो उरलेल्या पंचाहत्तर टक्क्यांत होता. पिवळा इशारा सावध राहा म्हणतो, नारंगी तयारीत राहा म्हणतो. दर मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्ह्याचा कृषी हवामान सल्लाही निघतो. नाशिकचा तो इगतपुरीच्या संशोधन केंद्रातून येतो, म्हणजे कोरड्या गावांना सल्ला ओल्या गावाहून, पण तो दोष धरू नये.

मग अशा मोघम अंदाजाचा उपयोग काय, हा आक्षेप रास्त आहे. उपयोग निर्णयाला आहे. फुलोऱ्यात पाऊस झाला तर गळ, कुज आणि डाऊनी (केवडा) रोग; मणी भरल्यावर झाला तर तडे. या नुकसानीपुढे एका फवारणीचा खर्च फार लहान, म्हणून चारांत एकदा पाऊस येण्याची शक्यताही फवारणीच्या बाजूने कौल द्यायला पुरते. बेदाण्यासाठी उघड्यावर माल टाकणाऱ्याचा उंबरठा आणखी खाली. उलट, पाहुण्यांसाठी मांडव घालणाऱ्याने चारांत एकदाची जोखीम खुशाल घ्यावी. खात्री मागणाऱ्याला अंदाज निरुपयोगी वाटतो. आपले नुकसान किती याचा आकडा जवळ असेल तर तोच अंदाज कामाचा होतो.

जुन्या खुणा टाकून द्याव्यात असेही नाही. चंद्राला पडणारे खळे हे खूप उंचावरच्या बर्फकणांच्या पातळ ढगांमुळे दिसते, आणि विक्षोभाच्या पुढे असे ढग अनेकदा पोचतात. कडाक्याची थंडी एका रात्रीत नाहीशी झाली तर तीही खूण लक्षात ठेवावी: आभाळ आले की जमिनीची ऊब अडते. पण खळे पाऊस आणतेच असे नाही, आणि दोन-तीन तास आधी ढग दाखवणारे रडारही सर्वज्ञ नाही. मुंबईच्या रडारचा किरण नाशिकपर्यंत येईतो जमिनीपासून बराच वर गेलेला असतो. त्याखालचे त्याला दिसत नाही.

राहिली शेवटची पायरी, जी कोणी करत नाही. उभ्या भिंतींचा एक डबा झाडांपासून दूर ठेवावा, सकाळी साडेआठला त्यातले पाणी पट्टीने मोजून वहीत मांडावे आणि शेजारी आदल्या दिवशीच्या प्रत्येक अंदाजाचे शब्द लिहावेत. एका हंगामात कोणते अ‍ॅप किती वेळा उगाच घाबरवते आणि कोणता अभ्यासक पाऊस पडून गेल्यावर ‘मी म्हणालोच होतो’ म्हणतो, हे वहीच सांगेल. मात्र हवामानावर आधारित फळपीक विमा घेतला असेल तर ही वही तिथे दाखवू नये. विमा कंपनी अवकाळी पाऊस धरते तो महसूल मंडळाच्या हवामान केंद्रात मोजलेला, तुमच्या डब्यातला नव्हे. तेव्हा ते केंद्र नेमके कुठे उभे आहे आणि त्यावर कोणाच्या झाडाची फांदी आली आहे का, हे छाटणीच्या आधीच पाहून या.