रावांचा षड्ज

तंजावरच्या मराठी आळीत एक राव असा असतोच, की जगात कुठलाही शोध लागो, तो त्याच्या घरावरून आधीच जाऊन आलेला असतो. आमचे राव मेल वीधीत राहतात. पुण्याहून विद्यापीठाच्या कामाला गेलो, उतरलो त्यांच्याकडे. पानात डांगर पचडी पडता पडता त्यांनी विचारलं, "करतोस काय तू?"

चुकलो, खरं सांगितलं. उजेड टिपायला अतिपातळ अर्धवाहक. मोलिब्डेनम डायसल्फाइडचा एकच थर, जाडी एक नॅनोमीटरसुद्धा नाही...

"उजेड ना? मग डोळ्याचं काम. सरफोजी महाराज मोतीबिंदूवर इलाज करायचे. रोग्यांच्या डोळ्यांची चित्रं सरस्वती महालात आहेत, उद्या बघून ये."

चित्रं खरंच आहेत, हीच तर पंचाईत. रावांचं निम्मं बोलणं खरं निघतं आणि उरलेलं त्याच्या जिवावर खपतं.

मी नेटानं पुढे गेलो. उजेड पडला की थरात इलेक्ट्रॉन सुटतो, मागे रिकामी जागा राहते. पण दोघं एकमेकांना घट्ट धरून बसतात, पुन्हा एक होतात, वीज काही हाती लागत नाही. म्हणून थराखाली लिथियम नायोबेटचा स्फटिक ठेवायचा आणि त्याच्या पाठीवरून ध्वनिलहर सोडायची. स्फटिक दाबला-ताणला की विद्युतक्षेत्र उठतं, ते लहरीबरोबर धावतं. एकाला शिखर ओढतं, दुसऱ्याला दरी.

राव चक्क गप्प. मग म्हणाले, "२०२० चा कुंभाभिषेक! मोठ्या देवळात अशीच लाट आली. मी नंदीपाशी, ही थेट गोपुराबाहेर."

इतकं नेमकं मला सेमिनारमध्येही कधी सांगता आलेलं नाही.

"आणि नाद नि उजेड म्हणशील तर आपले रामन! नागेंद्र नाथांबरोबर, १९३५. अल्ट्रासाउंडनं उजेड कसा फाकतो ते मांडलं. वीणेवरही काम केलं." रामन तिरुचिरापल्लीत जन्मले, असं मी पुटपुटलो. "तासाभराची वाट. ते काय परगाव?"

हात धुताना माझ्या तोंडून निघून गेलं, की असली लहर तुमच्या मोबाइलमध्येही असते, नको ते सिग्नल गाळायला. सेकंदाला कोट्यवधी कंपनं, कानाला ऐकू येत नाहीत. शेवटचं वाक्य रावांनी ऐकलंच नाही. फणसाच्या लाकडाची वीणा मांडीवर आली. फोन कान आणि खांद्याच्या चिमटीत, डोळे मिटलेले, हात खुंटीवर. खुंटी केसभर पिळली, तार छेडली, पुन्हा पिळली.

"आहे रे, आहे," ते हळूच म्हणाले. "पण ह्याचा षड्ज कुठला?"