दोन हजारांचा दोरा

'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही म्हण कुणी काढली कोण जाणे, पण ती प्रत्यक्ष जाऊन तपासणारे आमचे साडू हे पहिलेच गृहस्थ असावेत. सहलीच्या कार्यक्रमात जर्मनीला अर्धाच दिवस दिला होता. कोलोनच्या चर्चसमोर वीस मिनिटं उभं राहून साडूंनी निकाल दिला, "स्वच्छता त्यांची, रौनक आपली." आणि बस पॅरिसकडे निघाली.

परदेश आमच्या घराण्याला नवा नाही. १९४८ पर्यंत परभणी निजामाच्या राज्यात होती, त्यामुळे आजोबा मनमाडला गाडीतून उतरले की परदेशातच उतरत. खिशात हाली सिक्का, फलाटावर इंग्रजांचा कलदार. सहा कलदारांना साधारण सात हाली मोजावे लागत. पेरूवाल्याशी आजोबांचं भांडण पेरूवरून कधी झालं नाही, झालं ते बट्ट्यावरून. साडू काही आजोबांच्या रक्ताचे नव्हेत, पण गुण उतरायला रक्त लागतंच असं नाही.

पॅरिसात मोंमार्त्र टेकडीवर साक्रे-कर नावाचं पांढरंशुभ्र चर्च आहे. १८७५ साली पाया घातला आणि अर्पणसोहळा झाला तो १९१९ साली, असं गाईडने सांगताच साडूंना फ्रेंचांविषयी प्रथमच आपलेपणा वाटला. "म्हणजे टेंडर तिथंबी अडकत होतं!"

टेकडीच्या पायथ्याशी दोरेवाले उभे असतात. त्यातला एक हसत पुढे आला, "हाकुना मटाटा" म्हणाला आणि साडूंच्या बोटात रंगीत दोरा अडकवून पीळ देऊ लागला. आता हाताला कुणी दोरा बांधायला लागलं की आपल्या माणसाने काय करावं? औंढ्याला, तुळजापूरला, तुराबुल हकच्या उरुसात जे करतो तेच साडूंनी केलं. डोळे मिटले, मान खाली घातली. दुसऱ्या हातात पिशवी होती, म्हणून नमस्कार तेवढा राहिला. डोळे उघडले तेव्हा मनगटावर गाठ पक्की बसली होती, सुटं टोक दोरेवाल्याच्या मुठीत होतं आणि दक्षिणा होती वीस युरो.

"दोन हजार? कायचे?"

शनिवार बाजारात भाव करायचं साडूंचं शास्त्र ठरलेलं आहे. निम्म्याच्या निम्म्यावर सुरुवात करायची, मालाला नाव ठेवायचं, मग पाठ फिरवून दहा पावलं चालायचं. अकराव्या पावलाला "या साहेब, घ्या" अशी हाक येतेच. इथंही पहिले दोन टप्पे रीतसर झाले. साडूंनी पाच युरो पुढे केले, रंग जाईल म्हणून बजावलं आणि ऐटीत पाठ फिरवली. पाऊल काही उचलेना. माल अंगावर आणि टोक दुकानदाराच्या मुठीत, अशा व्यवहारात पाठ कुठं फिरवणार? तोवर दोरेवाल्याचे तीन भाऊबंद गोळा झाले. "अहो, देऊन टाका ना!" मेव्हणी ओरडली. साडू तत्त्वाला चिकटून होते, म्हणजे दोऱ्याला.

इतक्यात सायकलवरून पोलीस आले. शेजारी चादरी अंथरून चिमुकले आयफेल टॉवर मांडले होते. चादरीच्या चारी कोपऱ्यांना दोऱ्या. त्या ओढल्या की चादरीचं गाठोडं होतं आणि गाठोड्याचा पोबारा. पाहून ऊर भरून आला. अतिक्रमणवाल्यांची गाडी चौकात वळायच्या आत गाडा बोळात घालणं हे कसब मी आजवर फक्त आपलं समजत होतो. आपल्याकडे पथविक्रेत्यांना संरक्षण देणारा कायदा २०१४ सालचा आहे, पण गाड्याची चाकं अजून त्या कायद्याच्या भरवशावर थांबत नाहीत.

दोरेवाले पळाले. साडूही पळाले.

तासाभराने ते एका गल्लीत बेकरीच्या आडोशाला सापडले. "तुम्ही कशाला पळालात?" तर म्हणाले, "सगळे पळत होते."

तोवर सीन नदीतली बोट आमच्याविना निघून गेली होती. तिचे पैसे आधीच भरलेले, तेही भाव न करता, घरबसल्या, सहलवाल्यांनी मागितले तेवढे. साडूंच्या डोक्यात मात्र वाचलेले वीस युरोच घोळत होते. बोटीचा हिशेब मेव्हणीने रात्री आयफेल टॉवरच्या पायथ्याशी मांडला. त्याच वेळी वर हजारो दिवे लुकलुकायला लागले. आमच्यापैकी एकानेही मान वर केली नाही.

साडूंनी तो दोरा उतरवलाच नाही. फेब्रुवारीत उरूस भरला तेव्हा बाही मुद्दाम दुमडून हिंडत होते. एका दोरेवाल्याने मनगट हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं.

"ये तो अपनाइच माल है, साब. दस के दो."

साडूंचा चेहरा उतरला, पण क्षणभरच.

"तीन दे," म्हणाले आणि पाठ फिरवून चालायला लागले.