पन्नास रुपयांची गृहभेट

गेल्या महिन्यात सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावात आशाताईबरोबर दिवसभर फिरले. पत्र्याचं घर, दारात शेळी, ओट्यावर पंधरा महिन्यांची मुलगी. आई विशीतली. ताईनं वजन केलं, लसीचं कार्ड पाहिलं, लोहाच्या औषधाची बाटली उजेडात धरून किती उरलंय ते बघितलं. मग पदर खोचून खाली बसली. "दोन डबे दे बरं, झाकणाचे. एक बारका, एक मोठा."

झाकणं काढून पोरीपुढं ठेवली. तिनं मोठं झाकण बारक्या डब्यावर ठेवलं, ते घसरलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा घसरलं. आई मदतीला सरसावली तसा ताईनं तिचा हात धरला. "थांब. करू दे तिला." चौथ्या खेपेला बारकं झाकण हाताला लागलं आणि नीट बसलं. पोरीनं मान वर करून आईकडं पाहिलं.

"आता बोल तिच्याशी," ताई म्हणाली.

"काय बोलू? तिला कुठं बोलता येतंय अजून?"

"म्हणून तर तू बोलायचं."

चाळीस मिनिटं आम्ही तिथं होतो. निघताना सासूनं विचारलं, "आता पुढच्या खेपेला कधी येतीस?" ताई म्हणाली, "मावशी, ही पाचवी भेट. ह्या पोरीच्या माझ्या भेटी संपल्या."

ह्या एका वाक्यावर आजचं सदर आहे.

घरच्या घरी लहान बालकांची काळजी हा केंद्राचा कार्यक्रम २०१८ सालचा. आशानं तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात घरी जायचं. वजन, वरचं खाणं, लस, जुलाब झाले तर ओआरएस, आणि जोडीला मुलाशी खेळायचं कसं, बोलायचं कसं हेही सांगायचं. एका भेटीचे पन्नास रुपये, पाच भेटींचे अडीचशे. कार्यक्रम चांगला आहे, अगदी मनापासून सांगते. पण तो पंधराव्या महिन्याला थांबतो, आणि अंगणवाडीतलं पूर्वशिक्षण तिसऱ्या वर्षी सुरू होतं. मधले एकवीस महिने म्हणजे पोर चालायचं धावायला लागतं, एका शब्दाची दोन शब्दांची वाक्यं होतात, हट्ट सुरू होतो, आईचा संयम सुटतो आणि पहिली चापट बसते. नेमक्या ह्या काळात त्या घराचं दार वाजवायचे पैसे आशाला मिळत नाहीत. कागदावर अंगणवाडीताईच्याही गृहभेटी आहेत. पण पोषण ट्रॅकर ॲपवर नोंदी, आहाराचं वाटप, वजनं, बैठका, सर्वेक्षणं आणि निवडणुकीची कामं उरकून तिनं कुणाच्या ओट्यावर निवांत बसायचं कधी?

राज्यघटनेचं कलम ४५ वाचा. २००२च्या ८६व्या घटनादुरुस्तीनं सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला आणि सहा वर्षांखालच्यांसाठी राज्य 'प्रयत्न करील' एवढंच म्हटलं. २०२०चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण एकीकडे सांगतं की मेंदूची ८५ टक्क्यांहून जास्त वाढ सहा वर्षांच्या आत होते, आणि शिक्षणाची रचना मात्र तिसऱ्या वर्षापासून मांडतं. शून्य ते तीन हे वय घराकडे सोपवून आपण मोकळे झालो. घराच्या हातात काय ठेवलं? मार्च २०२४ मध्ये केंद्रानं 'नवचेतना' नावाचा आराखडा काढला. त्यात शून्य ते तीन वयासाठी १४० कृती आहेत आणि त्या घरातल्या वाट्या-डब्यांनी करता येतात. उत्तम. पण पुस्तक आपल्या पायांनी त्या पत्र्याच्या घरात जात नाही. ते घेऊन जाणारी बाई लागते, आणि तिला मेहनताना लागतो.

बाईच्या भेटीनं काय होतं, हे महाराष्ट्रानंच जगाला दाखवलं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'नं गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली. त्या घरी जायच्या, बाळाचा श्वास मोजायच्या, ऊब कशी द्यायची ते दाखवायच्या, जंतुसंसर्ग ओळखून उपचार करायच्या. ३९ गावांतल्या ह्या प्रयोगाचे निष्कर्ष १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आले. शेजारच्या तुलनेच्या गावांच्या मानानं नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला होता. पुढे २०११ साली तीच पद्धत आशांमार्फत देशभर गेली. मूल जगवण्यासाठी घरी जावं लागतं, हे आपण मान्य केलं. जगलेलं मूल फुलवण्यासाठीही घरीच जावं लागतं, हे मान्य करताना मात्र हात आखडतो.

जमैकात हे चाळीस वर्षांपूर्वी करून पाहिलं. १९८६-८७ साली किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांतली, वाढ खुंटलेली १२९ मुलं निवडली. काहींना नुसता पूरक आहार दिला. काहींच्या घरी आरोग्यसेविका दर आठवड्याला तासभर जायची, घरी बनवलेली खेळणी न्यायची, आईला मुलाशी खेळायला शिकवायची. हे दोन वर्षं चाललं. मुलं बावीस वर्षांची झाली तेव्हा ज्यांच्या घरी ती बाई जात होती त्यांची कमाई भेटी न मिळालेल्यांपेक्षा २५ टक्क्यांनी जास्त भरली. नुसत्या आहाराचा कमाईवर असा टिकाऊ परिणाम दिसला नाही. आहाराची पाकिटं मोजून बालविकास झाला असं मानणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्यानं हा निष्कर्ष टेबलाच्या काचेखाली ठेवावा. पाकीट हवंच. पण पाकीट बोलत नाही.

"आमच्या आज्यांना कुठं कुणी शिकवलं होतं?" हा प्रश्न दरवेळी येतो. आजीला तिची आजी, जावा, नणंदा आणि शेजारीण शिकवत होत्या. घरात पाच जणी होत्या. आज त्या विशीतल्या आईजवळ सासू असली तर नशीब, आणि ती सासूही दिवसभर खुरपायला जाते. दुपारी पोर किरकिरलं की हाताशी उरतो तो मोबाईल. ह्या आईला संस्कारांवर भाषण नको आहे. तिच्याजवळ बसणारं माणूस हवं आहे. शहरातल्या आया तेच माणूस पैसे मोजून मिळवतात: पालकत्वाच्या कार्यशाळा, समुपदेशक, बाळासोबतचे वर्ग. त्यांना कुणी आजीचा दाखला देत नाही.

आणि ज्यांचं घरच जागेवर नाही त्यांचं काय? दिवाळी झाली की बीडमधून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल घेतलेली असते, म्हणून अंगावर पिणारं पोरही बरोबर जातं. पाचटावर गोधडी, वर बांधलेली साडीची झोळी, आणि आई मोळ्या बांधत सरीतून पुढं गेलेली. गावाकडच्या आशाला कुलूप दिसतं. कारखान्याकडच्या आशाच्या यादीत त्यांची कोपी, म्हणजे पाचटाची झोपडी, पुष्कळदा नसतेच. चार-पाच महिने असेच जातात. अशा पोराच्या पहिल्या तीन वर्षांत दोन-तीन हंगाम येतात. गृहभेट ह्या शब्दातलं गृह आधी नीट ठरवा. जिथं मूल झोपतं ते घर, मग ते पाचटाचं का असेना.

मला ताराबाई मोडक आठवतात. १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं तेव्हा आदिवासी पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात. कसं येणार? कडेवर धाकटं भावंड, मागं गुरं. मग ताराबाई आणि अनुताई वाघ बालवाडीच उचलून पाड्यावर घेऊन गेल्या, झोपड्यांसमोरच्या अंगणात. त्यातून अंगणवाडी आली. १९७५ साली एकात्मिक बालविकास योजना आली आणि हा शब्द देशभर झाला. आज त्या नावाखाली इमारत मोजतो, रंगरंगोटी मोजतो, टीव्ही संच मोजतो. अंगणात जाणारी बाई मोजायची राहून गेली.

हिशेब करू. सोळाव्या ते छत्तिसाव्या महिन्यापर्यंत दरमहा एक भेट धरली तर एकवीस भेटी. भेटीला पन्नास नव्हे, दोनशे रुपये द्या, कारण जाण्या-येण्यासकट ती अर्धा दिवस खाते. एका मुलामागे ४२०० रुपये झाले, तेही पावणेदोन वर्षांत मिळून. वर प्रशिक्षण आणि देखरेखीचा खर्च धरा. शहरातल्या पुष्कळ प्लेग्रुपांची एका महिन्याची फी ह्याहून जास्त असते. आणि हे काम आहे त्याच आशाच्या डोक्यावर आणखी एक नोंदवही म्हणून टाकू नका. भेटींसाठी वेगळी बाई नेमा, किंवा अंगणवाडीला दुसरी सेविका द्या. पण तिचे पैसे आधी ठरवा आणि महिन्याच्या महिन्याला द्या. थकलेल्या मानधनासाठी आझाद मैदानावर बसलेल्या बाईकडून दुसऱ्याच्या ओट्यावर हसतमुखानं बसण्याची अपेक्षा करणं निर्दय आहे.

राज्याचा अर्थसंकल्प मार्चमध्ये येईल. त्यात शून्य ते तीन वयाच्या मुलांच्या गृहभेटींसाठी स्वतंत्र लेखाशीर्ष काढा, आणि त्यात इतर कुठल्या योजनेकडे वळवता येणार नाही अशी रक्कम ठेवा. ते शीर्ष पुस्तिकेत दिसलं, तर त्या आठवड्यात ह्या जागी त्याचा पान क्रमांक आणि रक्कम छापेन. आणि एक प्रत त्या सासूबाईंना नेऊन देईन. पुढची भेट कधी, हे त्यांनी विचारलेलं आहे.