कासवांचं मानधन

हुपरीचे चांदीचे पैंजण घेताना गिऱ्हाईक आधी कानाशी हलवून बघतं. घुंगरू बद्द वाजलं की लगेच नाक मुरडतं. डायनासोर प्रदर्शनाला मात्र असली परीक्षा नाही. बटण दाबा, डरकाळी घ्या!

या डरकाळीची लागण 'जुरासिक पार्क'पासूनची. १९९३ च्या त्या सिनेमात गॅरी रिडस्ट्रॉम यांनी टी-रेक्ससाठी हत्तीचं पिल्लू, वाघ आणि मगरीचे आवाज कालवले. रॅप्टरच्या आवाजात तर कासवांचा प्रणय (ध्वनिमुद्रित) कामी आला.

काही डायनासोर तोंड मिटून, पारव्यासारखे घुमत असावेत, असं २०१६ मधलं संशोधन सांगतं. पण घुमण्याला तिकीट कोण काढणार? पोरं किंचाळली पाहिजेत. मग कासवांचा संसार चव्हाट्यावर आला तरी बेहत्तर.