मानवस्त्रमीमांसा
(भिलाईतील एक शनिवार-रविवार, त्या निमित्ताने मांडलेला लघुप्रबंध)

१. विषयप्रवेश

कलावंताला मानाचे वस्त्र देण्याच्या प्रथेवर मराठीत लिहायला हवे तेवढे लिहिले गेले नाही. ज्यांनी लिहायचे ते शाली स्वीकारण्यात गुंतले होते, हे एक संभाव्य कारण. प्रस्तुत प्रबंध या प्रथेच्या सर्वांत धाकट्या शाखेपुरता आहे: टी-शर्ट विकणाऱ्या छोट्या ब्रँडने आपल्या गायक मित्राला शनिवार-रविवार घरी ठेवून घेणे आणि निघताना त्याच्या हातात एक टी-शर्ट कोंबणे.

अभ्यासक्षेत्र म्हणून भिलाई निवडण्यास तीन कारणे आहेत. पहिले, पाहुणचार हा या गावाचा पायाच आहे. २ फेब्रुवारी १९५५ला सोव्हिएत संघाशी पोलाद कारखान्याचा करार झाला आणि त्यामागोमाग रशियन अभियंते बायकापोरांसह मुक्कामाला आले. ४ फेब्रुवारी १९५९ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली, तेव्हा पाहुणे घरचेच झाले होते. त्या दोस्तीची खूण म्हणून १९७२मध्ये येथे मैत्रीबाग झाली आणि तिच्यात वाघही ठेवण्यात आले. अशा गावाला एका गिटारवाल्याचे तीन रात्रींचे ओझे ते काय! दुसरे, येथील मराठी माणूस उपरा नाही. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा १७४१मध्ये छत्तीसगडात आल्या आणि बिंबाजी भोसल्यांनी पुढे रतनपुरात राहून कारभार केला. रायपूरचे महाराष्ट्र मंडळ १९३५चे आहे. तिसरे, संगीताचे म्हणाल तर १९५६मध्ये स्थापन झालेले इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय जवळच खैरागडला आहे आणि त्याच्या आरंभीच्या कुलगुरुपदी पं. श्रीकृष्ण नारायण रातंजनकर होते. एवढ्या पुराव्यानंतरही कोणाला हा विषय क्षुल्लक वाटत असेल, तर त्याने शाल घेऊन घरी जावे.

२. व्याख्या

ब्रँड: नेहरूनगर किंवा वैशालीनगरात घराच्या वरच्या मजल्यावरची खोली, दोन भागीदार, तिरुपूरहून आलेल्या कापडी मालाचे खोके आणि कुरियरवाल्याची वाट. मालाची प्रतवारी जीएसएममध्ये, म्हणजे एक चौरस मीटर कापडाच्या ग्रॅममधल्या वजनात होते. १८० जीएसएमचा तो साधा, २४०चा तो ‘प्रीमियम’. भिलाईच्या मे महिन्यात २४० जीएसएम अंगात घालणे हे ब्रँडवरील निष्ठेचे अंतिम प्रमाण मानावे.

संगीतकार मित्र: जो आपली फी सांगत नाही आणि ज्याला ती विचारली जात नाही, असा कलावंत. फी सांगताच तो फक्त संगीतकार राहतो, आणि विचारलीच नाही म्हणून रुसला तर फक्त मित्र.

शनिवार-रविवार: शुक्रवारी संध्याकाळी शेजारच्या दुर्ग स्थानकावर गिटार उतरते तेथपासून सोमवारी पहाटे ती परत डब्यात चढेपर्यंतचा काळ. नागपूरहून वंदे भारतने यावे तर गाडी वेळेवर येते, पण वरच्या फळीवर गिटारीसाठी जागा मिळवणे हा गायकाचा पहिला शास्त्रार्थ ठरतो.

३. पूर्वपीठिका

मानवस्त्राची गोष्ट क्षुल्लक नाही, हे मराठी वाचकाला निराळे सांगायला नको. १२ मे १६६६ रोजी आग्र्याच्या दरबारात इतर सरदारांना खिलती, म्हणजे मानाचे पोशाख, मिळाल्या. उभे राहून हे पाहणारे शिवाजी महाराज संतापले, आणि नंतर त्यांची समजूत घालायला खिलत पुढे केली गेली तेव्हा ती त्यांनी घेतली नाही. वस्त्र केव्हा मिळते, कोणाच्या नंतर मिळते आणि घ्यायचे की नाही, हे तिन्ही प्रश्न राजकारणाचे असतात. पेशवाईत शास्त्री आणि शाहीर शेला-पागोटे घेऊन घरी जात. त्यावरून त्यांची गावातली पत ठरे.

विसाव्या शतकात ही गंगा काही काळ उलटी वाहिली. १९१३मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली आणि बालगंधर्वांनी रंगमंचावर नेसलेले शालू पाहून घराघरांतल्या बायका आपले शालू निवडू लागल्या. गायकाला वस्त्र देण्याऐवजी वस्त्राला गायकाकडून मान मिळाला. आजचा प्रत्येक छोटा ब्रँड मनातल्या मनात याच चमत्काराची वाट पाहत असतो. फरक इतकाच की बालगंधर्वांच्या मागे भरजरी पदर होता आणि आपल्या मित्राच्या पाठीवर सॉफ्ट केस.

छत्तीसगडात आश्रयाची परंपरा रायगडचे राजे चक्रधरसिंह यांनी चालवली. १९२४ ते १९४७ या त्यांच्या काळात कथकाचे रायगड घराणे आकाराला आले. संस्थाने गेली आणि आश्रय कारखान्याकडे आला. भिलाईजवळच्या गनियारी गावच्या तीजनबाई पंडवानी, म्हणजे पांडवांची कथा, गात देशोदेशी फिरल्या आणि पोलाद कारखान्याच्या नोकरीतही होत्या. २०१९मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. राजाने वस्त्र दिले, कारखान्याने पगार दिला, मंडळांनी शाल-श्रीफळ दिले. या क्रमात आता टी-शर्ट आला आहे. क्रम घसरणीचा आहे की प्रगतीचा, हाच या प्रबंधाचा प्रश्न.

४. मापसिद्धान्त

दरबारी वस्त्राला माप नव्हते. शेला कोणालाही पुरतो, पागोटे कोणत्याही डोक्यावर बसते. शाल तर इतकी सर्वसमावेशक आहे की ती एका सत्कारमूर्तीच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर न उलगडता जाते. एकच शाल एका जिल्ह्यात किती वर्षे सत्कार करू शकते, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे.

टी-शर्टला मात्र माप असते, आणि तेथेच आश्रयदात्याचे खरे रूप उघडे पडते. ब्रँडकडे एम आणि एल कधीच शिल्लक नसतात, कारण गिऱ्हाईक तेच नेते. शिल्लक राहतो तो एस आणि डबल एक्सएल. यावरून पहिला सिद्धान्त निघतो: मानवस्त्राचे माप पाहुण्याच्या छातीवरून नव्हे, शिल्लक मालावरून ठरते. डबल एक्सएल देताना ‘ही ओव्हरसाइझ्डची फॅशन आहे’ असे सांगतात. एस देताना काहीच सांगत नाहीत, फक्त बॅगेत भरून देतात.

५. वाद्य आणि छापील क्षेत्र

टी-शर्ट दिला की फोटो आलाच. हा फोटो सुपेल्याच्या रविवारच्या बाजारात घ्यावा की सिव्हिक सेंटरला, यावर भागीदारांत मतभेद असतात. वाद्याच्या प्रश्नाकडे मात्र दोघांचेही दुर्लक्ष असते. म्हणून येथे वाद्यांचे वर्गीकरण देत आहोत.

गिटार: सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत घातक. बसून वाजवल्यास पोटावरचा छाप झाकते. उभ्याने वाजवल्यास डाव्या खांद्यावरून आलेला पट्टा डाव्या छातीवरच्या लोगोला नेमका छेदतो.

व्हायोलिन: आपल्याकडच्या बैठकीत ते छाती आणि पाऊल यांच्यामध्ये टेकवतात. लोगोचा प्रश्न तेथेच निकालात निघतो.

हार्मोनियम: छाती मोकळी, पण कंबरेखालच्या छापावर पाणी सोडावे.

तबला: सगळे दिसते, पण काही स्थिर नसते. फोटोत फक्त वेग उमटतो.

बासरी: डावा हात आडवा जातो तो खांद्याच्या उंचीवर, त्यामुळे खाली छापील क्षेत्राचे मैदान मोकळे. व्यापारदृष्ट्या मैत्री बासरीवाल्याशीच करावी.

तीजनबाईंचा तंबोरा: या वर्गीकरणातील शिरोमणी. तो खांद्यावर असतो आणि कथेच्या ओघात भीमाची गदाही होतो. अशा वेळी प्रेक्षकाचे लक्ष कोणत्याही लोगोकडे जाण्याची शक्यता शून्य, हा एकच दोष.

६. कापसाचा नाद

शनिवारी रात्री त्याच वरच्या खोलीत मैफल होते. श्रोते खोक्यांवर बसतात, उरलेले जिन्यात. येथे एक अनपेक्षित शोध हाती लागतो: गायकाला ती खोली आवडते. कारण शास्त्रीय आहे. उघड्या भिंतींच्या खोलीत आवाज भिंतींवर आपटून परततो आणि शब्द घुमतात. पण रॅकवर ओळीने टांगलेले सुती कपडे वरच्या पट्टीचे स्वर शोषून घेतात. घरगुती ध्वनिमुद्रण करणारे गायक कपड्यांच्या कपाटात तोंड घालून गातात ते याचसाठी. खर्जापुढे मात्र कापूस हतबल असतो. मुंबई-हावडा लोहमार्ग गावातून जातो आणि मालगाडी गेली की ध्वनिमुद्रणात तिचा षड्ज अचूक लागतो. रुळांचे गाव आहे, रेल्वेला रूळ पुरवणारे. तेवढा हक्क तिला दिला पाहिजे.

म्हणजे यजमानाने पाहुण्याला खरे जे दिले ते अंगावरचे वस्त्र नसून खोलीतली शांतता होती, आणि ती त्याच न विकलेल्या डबल एक्सएल मालाने दिली होती. न खपलेला माल कलेच्या उपयोगी पडतो, हा दुसरा सिद्धान्त.

७. करविचार

या देण्याघेण्यावर शासनाचे मत काय? २०१७च्या केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम १७मध्ये, पोटकलम ५खाली, हरवलेला, चोरीला गेलेला, नष्ट झालेला आणि भेट म्हणून दिलेला माल एकाच ओळीत बसवला आहे. यांपैकी कशावरही आधी भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. मित्राला टी-शर्ट देणे आणि टी-शर्ट चोरीला जाणे यांत कायद्याने भेद केलेला नाही. ज्यांचे मित्र संगीतकार आहेत त्यांना यात कायद्याची चूक दिसणार नाही.

हिशेबाच्या वहीत मग नोंद होते ‘मार्केटिंग’. पाहुण्यासाठी सकाळी केलेला चीला, टमाट्याची चटणी, रात्री दहाला मागितलेले आल्याचे पाणी आणि ‘काकू, दही नको हं, गळा आहे’ म्हटल्यावर अर्ध्या तासाने खाल्लेली कुल्फी, यांची नोंद कोणत्याच खात्यात होत नाही. तो खर्च यजमानाच्या आईकडे जातो. दरबार, कारखाना आणि मंडळ या तीन आश्रयदात्यांनंतर चौथी आश्रयदाती येथे सापडते. तिला कोणीही टी-शर्ट दिलेला नाही.

८. पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष

कोणी म्हणेल, शाल हा सन्मान आहे आणि ब्रँडचे नाव छापलेला टी-शर्ट ही जाहिरात. उत्तर सोपे आहे. खिलत अंगावर चढवणे म्हणजे देणाऱ्याची सत्ता अंगावर चढवणे होते. शालीवर नाव नसते हे खरे, पण शाल देतानाच्या फोटोत मधोमध मंडळाचे अध्यक्ष असतात आणि सत्कारमूर्ती कडेला अर्धी कापलेली असते. टी-शर्ट निदान आपली जाहिरात छातीवर प्रामाणिकपणे लिहून फिरतो.

दुसरा आक्षेप असा की टी-शर्ट टिकत नाही. हा तर त्याचा मोठेपणा. शाल कपाटात डांबराच्या गोळ्यांबरोबर अमर होते. टी-शर्ट आधी मैफलीत, मग प्रवासात, मग झोपताना वापरला जातो आणि शेवटी गिटार पुसायच्या कामी येतो. कलावंताच्या इतक्या जवळ इतका काळ राहिलेले दुसरे मानवस्त्र इतिहासात नाही.

९. निष्कर्ष

खिलत दरबारात मिरवली जाई, शेला सणासुदीला निघे, शाल निघतच नाही. टी-शर्ट मात्र रोज अंगात असतो. म्हणून क्रम प्रगतीचा आहे, असा या प्रबंधाचा निर्णय आहे. त्यातून निघणारी शिफारस भिलाईपुरती नाही, ती प्रत्येक ब्रँडला, प्रत्येक मंडळाला आणि सत्कार करण्याची खुमखुमी असलेल्या प्रत्येक अध्यक्षाला लागू आहे: कलावंताचा सत्कार करण्याआधी त्याला त्याचे माप विचारा, आणि एल साइझचे दोन बाजूला काढून ठेवा. एक त्याच्यासाठी, दुसरा काकूंसाठी.